‘असंख्य’ म्हणण्यापूर्वी

मराठी समीक्षेत काही शब्द असे रुळले आहेत की ते लिहिताना लेखणीला आणि वाचताना डोळ्यांना काहीच श्रम पडत नाहीत. ‘असंख्य’, ‘अगणित’, ‘शेकडो’, ‘लक्षावधी’ हे त्यांतले अग्रेसर. संतकाव्यातील प्रतिमा असंख्य असतात, लोकगीतांची रूपे अगणित असतात आणि एखाद्या कादंबरीच्या अर्थाच्या शक्यता तर नेहमीच अनंत असतात. वास्तविक ‘असंख्य’ हा शब्द मोजणाऱ्याने मोजून थकल्यावर वापरावयाचा. आपण तो मोजण्यास आरंभ करण्यापूर्वीच वापरतो. ‘जल’, ‘उदक’ आणि ‘पाणी’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे आम्ही वर्गात कंठरवाने सांगतो. परंतु दोन कोटी आणि दोन अब्ज यांत फरक आहे, एवढेच नव्हे तर दोन अब्जांच्या पलीकडे उभ्या असलेल्या दोन शेजारी संख्यांमध्येही स्वभावाचा फरक आहे, हे ऐकले की आमचे लक्ष उडते. ते गणिताच्या विभागाचे काम, असे आम्ही समजतो.

हे समजणे चुकीचे आहे आणि त्यात साहित्याचाच तोटा आहे, असे आमचे मत आहे. मोठी संख्या म्हणजे पुष्कळपणाचे रूपक नव्हे. तिला स्वतःची घडण असते, ती शेजारच्या संख्येहून वेगळी असते, आणि ते वेगळेपण ओळखण्यासाठी जी सावध वाचनाची सवय लागते ती साहित्याच्या विद्यार्थ्यापाशी आधीच असते. हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून येथे एकच संख्या घेतो: २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

या संख्येपाशी जाण्याची आपल्या ओळखीची वाट भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तून जाते. ‘लीलावती’ शके १०७२ मधली, म्हणजे इ. स. ११५० ची. ग्रंथ श्लोकबद्ध आहे. साहित्याच्या वर्गात त्याचा उल्लेख होतो तो बहुधा एका करुण कथेपुरता: घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि लीलावतीचे लग्न राहिले. ही कथा मूळ ग्रंथात नाही. फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी अनुवादातून ती पसरली. कथा गोड आहे, ती सांगण्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप एवढाच आहे की कथा सांगून झाल्यावर ग्रंथ मिटला जातो आणि त्यातले एकही उदाहरण फळ्यावर उतरत नाही.

त्यातले एक उदाहरण असे आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देण्याचे कबूल केले आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. तर महिनाभरात त्याने किती निष्क दिले? ग्रंथाच्या आरंभीच कोष्टक दिलेले आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या. मराठीत कवडी हे क्षुद्रतेचे माप आहे. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द आपण रोज वापरतो. दात्याची प्रतिज्ञाही प्रथमदर्शनी तशीच कवडीमोलाची वाटते. दहाव्या दिवसाअखेर त्याने एकूण २,०४६ कवड्या दिलेल्या असतात, म्हणजे पुरते दोन द्रम्मही नाहीत. विसाव्या दिवसाअखेर १०२ निष्क होतात. तिसाव्या दिवसाअखेर हिशेब होतो तो असा: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. कवड्यांतच सांगावयाचे तर २,१४,७४,८३,६४६.

या उत्तराची शेपटी लक्ष देऊन वाचावी असे आम्ही सुचवतो. लाखावर निष्कांचा ढीग पडला असताना ‘आणि ६ कवड्या’ लिहिणारा ग्रंथकार ‘अपार संपत्ती’ म्हणून मोकळा झालेला नाही. शेवटच्या दिवसाचे दान १,०७,३७,४१,८२४ कवड्यांचे आहे आणि आधीच्या एकोणतीस दिवसांचे मिळून १,०७,३७,४१,८२२ कवड्यांचे. म्हणजे एका दिवसाने उरलेल्या साऱ्या महिन्याला मागे टाकले ते नेमक्या दोन कवड्यांनी. पहिल्या दिवशी दिल्या होत्या तेवढ्याच. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे लागू पडत नाही. ती बेरजेची म्हण आहे, आणि हा प्रकार गुणाकाराचा आहे. दोन्ही प्रकारांना ‘हळूहळू वाढत गेले’ असे एकच वाक्य लावणारा समीक्षक या कवड्यांपाशी अडखळेल, आणि त्याने अडखळावे हेच बरे.

उत्तर काढण्याची भास्कराचार्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. दोन हा आकडा तीस वेळा मांडून गुणत बसण्याची गरज नाही. तीस ही सम संख्या, तिचे अर्ध करा आणि ‘वर्ग’ अशी खूण ठेवा. पंधरा विषम, एक वजा करा आणि ‘गुणक’ अशी खूण ठेवा. असे एकापर्यंत उतरत जा आणि मग खुणा उलट्या क्रमाने वाचत वर चढा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत अब्ज ओलांडला जातो. त्यातून एक वजा करून पहिल्या दानाने, म्हणजे दोहोंनी, गुणले की उत्तर आले. ही युक्ती भास्कराचार्यांच्या पुष्कळ आधीची आहे आणि तिचे मूळ गणिताच्या ग्रंथात नाही, ते पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे.

येथे साहित्याच्या वाचकाने आपली खुर्ची पुढे ओढावी. एका चरणात अमुक इतकी अक्षरे असतील तर लघु-गुरूंचे किती विन्यास संभवतात, हा पिंगलापुढचा प्रश्न होता. प्रत्येक अक्षरास दोनच पर्याय. म्हणून एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तिहींचे आठ (हे आठ म्हणजेच आपले य-मा-ता-रा-ज-भा-न-स गण), आणि असेच दुप्पट होत जावयाचे. सारे विन्यास क्रमाने मांडणे म्हणजे प्रस्तार. त्या प्रस्तारातला अमुक क्रमांकाचा विन्यास कोणता, हे प्रस्तार न मांडता काढणे म्हणजे नष्ट. हाती आलेला विन्यास प्रस्तारात कितवा, हे काढणे म्हणजे उद्दिष्ट. छंदःशास्त्राच्या पुस्तकांत ही नावे आजही छापलेली असतात आणि वर्गात ती पाने उलटून पुढे जाण्याची प्रथा आहे. वृत्तांची नावे पाठ होतात. ज्या विचाराने वृत्ते संभवली तो विचार मागे राहतो. ‘लीलावती’तही गायत्रीच्या चोवीस अक्षरांचा प्रस्तार विचारलेला आहे आणि त्याचे उत्तर १,६७,७७,२१६ असे येते. ‘असंख्य’ हे उत्तर तेथे चालले नसते.

आता अक्षरे चोविसाऐवजी एकतीस घ्या. ही संख्या आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. मनहरण कवित्ताच्या एका चरणात आठ, आठ, आठ आणि सात अशी एकतीसच अक्षरे असतात. कविभूषणाने शिवछत्रपतींवर रचलेली, महाराष्ट्रात आजही मुखोद्गत असलेली ब्रज कवित्ते या घाटाची आहेत. तेथे बंधन अक्षरसंख्येचे आहे आणि लघु-गुरूंचा क्रम जवळजवळ मोकळा आहे. अखेरचे अक्षर गुरू असावे एवढा संकेत. तो संकेत क्षणभर बाजूला ठेवून एकतीस अक्षरांचा प्रस्तार केला तर विन्यास होतात २,१४,७४,८३,६४८. प्रस्ताराची पहिली ओळ सर्वगुरू असते आणि अखेरची सर्वलघू. त्या अखेरच्या सर्वलघू चरणाच्या आधी जेवढ्या ओळी असतात त्यांची संख्या म्हणजेच आम्ही निवडलेली २,१४,७४,८३,६४७. संकेत पाळला तर प्रस्तार निम्म्यावर येतो, आणि तो निम्मा आकडा दात्याच्या तिसाव्या दिवसाच्या दानाएवढा असतो.

अशा रीतीने तीन संख्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सेहेचाळीसने संपणारी भास्कराचार्यांच्या कवड्यांची, अठ्ठेचाळीसने संपणारी प्रस्ताराची, आणि मधली सत्तेचाळीसची. परिमाण म्हणून पाहिले तर तिन्ही एकच आहेत. कवड्यांच्या त्या ढिगात एक कवडी इकडेतिकडे झाली तर कोणाच्याही ध्यानात येणार नाही. आता त्यांची घडण पाहू.

अठ्ठेचाळीसची संख्या दोन या एकाच अवयवाची बनलेली आहे. दोनाला दोनाने एकतीस वेळा मांडून गुणले की ती तयार होते. दुसऱ्या कशाचाही तिला स्पर्श नाही. सेहेचाळीसची संख्या अनेक कुळांतून आलेली आहे: तिचे मूळ अवयव २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. तिला दोहोंनी, तिहींनी, सातांनी, अकरांनी निःशेष भाग जातो, म्हणून ती वाटपाला सोयीची आहे. आणि या दोहोंच्या मधल्या संख्येला एक आणि ती स्वतः यांवाचून कोणत्याही संख्येने भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. एका कवडीच्या अंतराने एवढा पालट व्हावा, हे शब्दांच्या बाबतीत आपल्याला मुळीच नवीन नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचे अंतर आहे, आणि ते अंतर चुकवणाऱ्या विद्यार्थ्याचे आम्ही गुण कापतो.

मधली संख्या मूळ आहे हे सांगणे सोपे आहे, सिद्ध करणे तसे नाही. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते, हा प्रश्न युरोपात शतकानुशतके चर्चिला गेला. घातांक स्वतः मूळ नसेल तर मिळत नाही, हे लवकर कळले. पण घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असेही नाही: दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २,०४७, आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटते. इटलीच्या कातालदीने सतराव्या शतकाच्या आरंभी २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे सांगितले. त्यातला फक्त ३१ खरा निघाला. फ्रेंच धर्मोपदेशक मेर्सेन याने १६४४ साली आपली यादी दिली. तीतही ३१ होता, पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ हे सुटलेले होते. बरोबर उत्तर आणि बरोबर वाचन या निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट दिसते. कातालदी आणि मेर्सेन या दोघांनाही ३१ च्या बाबतीत पूर्ण गुण मिळाले असते, पण सिद्धता दोघांच्याही हाती नव्हती.

सिद्धता दिली ऑयलरने. त्याचे पत्र १७७२ सालचे. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. रीत तत्त्वतः साधी आहे: संख्येला भाग जात असेल तर एक तरी मूळ भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत, म्हणजे ४६,३४० पर्यंत सापडला पाहिजे. पण एवढ्या टप्प्यातल्या सगळ्या मूळ संख्या घेऊन भागाकार करीत बसणे हे एका माणसाचे आयुष्य खाणारे काम आहे. ऑयलरने प्रथम विचारले, या संख्येचा भाजक असलाच तर तो कसा असू शकेल? त्याला ६२ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकाला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ उरणे अटळ ठरते. अशा संख्या ४६,३४० च्या आत पावणेचारशेहून कमीच आहेत, आणि त्यांतल्याही ज्या स्वतः मूळ नाहीत त्या गळतात. उरलेल्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. संशोधनाच्या पद्धतीविषयी आम्ही विद्यार्थ्यांना जे सांगत असतो तेच हे: सगळी हस्तलिखिते चाळण्यापूर्वी आपल्याला हवा असलेला पाठ कोणत्या परंपरेच्या पोथीत असणे शक्यच नाही हे ठरवा, मग शोध आवाक्यात येतो.

येथे एका मोहाविषयी बोलणे आवश्यक आहे. भास्कराचार्यांचे उत्तर ऑयलरच्या संख्येहून एकाने कमी आहे, हे कळताच काही मंडळींना स्फुरण चढेल आणि ‘ऑयलरच्या सहा शतके आधी आमच्याकडे हे ज्ञात होते’ असे वाक्य तयार होईल. ते वाक्य खोटे आहे. भास्कराचार्य त्या संख्येच्या शेजारी उभे होते, पण शेजारची संख्या मूळ आहे काय हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी अशी दिली आहेत की उसना गौरव आणण्याचे कारण उरत नाही. एकच दाखला देतो. एका वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळावा, अशी संख्या कोणती? हा प्रश्न फर्माने १६५७ साली समकालीनांपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांनी तो पाच शतके आधी ‘बीजगणिता’त चक्रवाल पद्धतीने सोडवलेला आहे: २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. यापेक्षा लहान उत्तर नाही. हा खरा अधिकार आहे आणि तो नेमक्या अंकांत सांगता येतो. ज्यांना ‘आपले पूर्वज सर्व काही जाणत होते’ असे म्हणावयाचे असते त्यांना हे अंक सहसा ठाऊक नसतात. ‘सर्व काही’ हा ‘असंख्य’चाच भाऊबंद आहे.

दुसरा मोह उपयोगाचा. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ सालच्या आपल्या अंकसिद्धान्तावरील ग्रंथात या संख्येवर आधारलेल्या एका परिपूर्ण संख्येचा विचार केला आहे. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान सर्व भाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते ती. जसे ६ म्हणजे १, २ आणि ३. दोनाचा घात वजा एक ही संख्या मूळ असली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या घडवता येते, हे युक्लिडने दाखवून ठेवले आहे. आपल्या संख्येपासून घडते ती २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. बार्लोचे म्हणणे असे की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधून काढणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. तेव्हा त्यांच्यामागे कोण लागणार? त्याच शतकात, १८७६ साली ल्युकाने आणि १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने पुढच्या मूळ संख्या सिद्ध केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात या जातीची जी संख्या सापडली तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. बार्लोचा हिशेब गणितात चुकला नाही, माणसाविषयी चुकला. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वाङ्मय शिकणाऱ्यांना घरीदारी ऐकावा लागतो. तोच प्रश्न मूळ संख्यांनाही विचारला गेला होता आणि त्याच अधिकारवाणीने त्याचे उत्तरही दिले गेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे उपयोग निघालाच, आणि तो दोन प्रकारांनी निघाला. त्या दोहोंतला भेद साहित्याच्या वाचकाने नीट पाहावा. पहिला प्रकार असा. संगणकात एक पूर्णांक साठवण्यासाठी पुष्कळदा बत्तीस घरे दिलेली असतात. एक घर चिन्हासाठी खर्च होते, उरतात एकतीस. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. हा एकतीस अक्षरांचा चरणच झाला. सगळी घरे एकने भरली की जी सर्वांत मोठी संख्या होते ती २,१४,७४,८३,६४७. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गँगनम स्टाईल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा गाठली आणि यूट्यूबने आपला गणक चौसष्ट घरांचा केल्याचे जाहीर केले. अनेक यंत्रांतली घड्याळे १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतात. ज्यांत त्यासाठी अशी बत्तीसच घरे आहेत आणि जी वेळीच बदलली जाणार नाहीत, त्यांचा पेला १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी काठोकाठ भरेल, आणि पुढच्याच सेकंदाला ती घड्याळे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. पण या साऱ्यात संख्या मूळ असण्याचा काही संबंध नाही. चौसष्ट घरांच्या गणकाची मर्यादा दोनाचा त्रेसष्टावा घात वजा एक ही आहे. तिला सातांनी भाग जातो, १२७ नेही जातो, आणि तरी तिचे काम बिनबोभाट चालते. कुंपणाच्या खांबावर सुंदर कोरीव काम असावे, तसे आपल्या संख्येचे मूळपण येथे आहे. ते आहे, पण कुंपण त्यामुळे उभे नाही.

दुसऱ्या प्रकारात मात्र सारे मूळपणावरच उभे आहे. यंत्राकडून यादृच्छिक भासणारे आकडे हवे असतात. १९६९ साली आयबीएमच्या सिस्टिम/३६० यंत्रांसाठी त्याची एक रीत बसवली गेली. कोणताही आकडा घ्या, १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच करा. आकडे फासे टाकल्यासारखे येत राहतात. ही फेरी मूळ आकड्यावर परत येण्यापूर्वी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा नेमका एकदा येऊन जातो. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. भाजक मूळ नसता तर असे घडले नसते. आणि १६,८०७ हाच गुणक का, तर फेरी मध्येच तुटत नाही याची खातरजमा करता येते म्हणून. ती करावयाची तर फेरीच्या लांबीचे मूळ अवयव ठाऊक असावे लागतात, आणि ते आपण वर पाहिलेच: २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. म्हणजे ऑयलरच्या न फुटणाऱ्या संख्येची फेरी किती लांब, तर भास्कराचार्यांच्या कवड्यांइतकी, आणि ती पुरी होते हे कळते ते कवड्यांची संख्या कशी फुटते यावरून. यात भविष्यवाणी कसलीही नाही. मूळ संख्येच्या फेरीची लांबी तिच्याहून एकाने कमी असते एवढेच. पण हा मेळ योगायोगाचा नाही. त्याला कारण आहे आणि ते दाखवता येते. कुंपणाच्या बाबतीत केवळ योगायोग होता. योगायोग आणि कारण यांतला हा फरक ज्याला एका संख्येत दिसला, तो एखाद्या कवितेत दोन प्रतिमा शेजारी आल्या म्हणून लगेच ‘आंतरिक नाते’ जाहीर करणार नाही, अशी आमची आशा आहे.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. साहित्यात ‘असंख्य’ या शब्दाला भावनेचे काम असते. तारे पाहून भारावलेल्या कवीने मोजदाद करावी काय? करू नये. कवीला तो शब्द वापरण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण मोजता न येण्याचा अनुभव हाच त्याचा विषय असतो. आमचा रोख कवीवर नाही. तो शिक्षकावर आणि समीक्षकावर आहे, म्हणजे आमच्यावरच आहे. कवीचे असंख्य समजून घेण्यासाठी वाचकाला संख्येची जाण असावी लागते, जशी मौन समजण्यासाठी भाषेची जाण असावी लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. छंदांचा तास असेल तेव्हा चार अक्षरांचा सोळा ओळींचा प्रस्तार विद्यार्थ्यांकडून एकदा हाताने मांडून घ्यावा आणि मग एकतीस अक्षरांचा किती होईल ते विचारावे. ‘लीलावती’चा विषय निघाला तर मोत्याच्या कथेनंतर कवड्यांचे उदाहरण फळ्यावर घ्यावे आणि शेवटच्या सहा कवड्यांपर्यंत न्यावे. तासाची वीस मिनिटे जातील. संस्कृतचे, मराठीचे आणि गणिताचे अध्यापक त्या वीस मिनिटांपुरते एका वर्गात बसू शकले तर फारच उत्तम.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख बहुतांशी संस्कृत आहे आणि त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मराठीसाठी आपण तो वाचतो, त्यातली विभक्तिरूपे आणि क्रियापदे वेगळी काढतो. पण लेख कोरला गेला तो निराळ्या कारणाने. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला होता, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या आकाराचा वाटा त्या मठाला लावून देण्यात आला होता. ज्या ओळींत आपण मराठीचे आद्य रूप शोधतो त्या ओळी अशा हिशेबाच्या आहेत: कोणी, कशावर, किती द्यावे. पाटणच्या ग्राहकांनी आणि विक्रेत्यांनी हे भरावयाचे, ते मठात ‘लीलावती’ वाचली जावी म्हणून. त्या ओळींचे व्याकरण आपण शिकवतोच. त्यांनी ज्या वाचनाची सोय केली होती तेही आता शिकवावयास हरकत नसावी.